कॅटालिना.आउट ३८ जीबी झाली, तरी हवी ती ओळ सापडत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. हडपसरमधली एक छोटी कंपनी पुणे जिल्ह्यातल्या काही पतसंस्थांना एकच वेब ॲप्लिकेशन पुरवते. उबंटूवर टॉमकॅट ९ (जावाची वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर), जावा ११, पुढे एनजिनएक्स (विनंत्या आधी घेऊन टॉमकॅटकडे धाडणारा वेब सर्व्हर). साधारण २४ दिवसांनी डिस्क भरते आणि सर्व्हर गप्प होतो. बघितलं तर टॉमकॅटच्या लॉग फोल्डरातली कॅटालिना.आउट ही फाइल ३८ जीबीची. ती उडवली तरी जागा मोकळी होत नाही, रीस्टार्टच करावा लागतो. वर शाखेतून तक्रार आली की त्या वेळची ओळ सापडत नाही, आणि सापडलीच तर खातेदाराच्या मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. 'टॉमकॅटला लॉगफोरजे (जावाची लॉग लिहिणारी लायब्ररी) लावलं तर हे सुटेल का?'

नाही सुटणार. लिहिणाऱ्यांत आणखी एकाची भर पडेल, इतकंच. तुमच्या सर्व्हरवर आत्ताच तीन जण लिहितायत: टॉमकॅट स्वतः, तुमचं ॲप्लिकेशन, आणि तिसरा जेव्हीएम (जावाचे प्रोग्राम चालवणारं यंत्र), ज्याच्या पंक्तीला थेट सिस्टिम.आउटवर छापणारा सगळा कोडही येतो. तिघांचंही लिखाण शेवटी एकाच फाइलीत पडतंय. कुठल्याही लॉगबद्दल तीन गोष्टी ठरलेल्या असायला हव्यात. लिहितं कोण, फाइल बदलतं कोण, जुनी पुसतं कोण. कॅटालिना.आउटच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर 'सगळे' आणि उरलेल्या दोन्हींचं 'कुणीच नाही'. ही फाइल टॉमकॅट तयारच करत नाही. कॅटालिना.एसएच ही स्क्रिप्ट जावाचं स्टँडर्ड आउटपुट आणि एरर उचलून तिच्यात ओतते, त्यामुळे टॉमकॅटच्या कुठल्याही सेटिंगमधून तिचं रोटेशन (जुनी फाइल बाजूला काढून नवी सुरू करणं) होत नाही. लोक लॉगिंग.प्रॉपर्टीज या टॉमकॅटच्या सेटिंग फाइलीत आकडे बदलत बसतात आणि फाइल वाढतच राहते, ती याच कारणाने.

(फाइलींची आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. प्रत्यक्ष टाकताना ती मूळ रोमन स्पेलिंगनेच, लहान-मोठ्या अक्षरांसकट टाका.)

आधी आजची आग विझवू. चालू प्रोसेसने उघडून ठेवलेली फाइल आरएमने काढली की फक्त तिचं नाव जातं. ब्लॉक मोकळे होतात ते प्रोसेस ती फाइल सोडेल तेव्हा, म्हणून तुम्हाला रीस्टार्ट लागतो. एलसॉफ कमांडला +एल१ हा पर्याय दिला की अशा नाव गेलेल्या पण धरून ठेवलेल्या फाइली दिसतात. यापुढे फाइल काढू नका, रिकामी करा: ट्रंकेट कमांडला -एस ० देऊन. स्क्रिप्ट दोन 'पेक्षा मोठे' चिन्हांनी, म्हणजे शेवटी जोडत जाण्याच्या पद्धतीने लिहिते. त्यामुळे रिकामी केल्यावर पुढची ओळ शून्यापासून सुरू होते आणि टॉमकॅटला पत्ताही लागत नाही. रिकामी करण्यापूर्वी टेलने शेवटच्या दोन लाख ओळी दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. त्या लगेच लागणार आहेत.

आता जरा हिशोब करू. २४ दिवसांत ३८ जीबी म्हणजे दिवसाला सुमारे १.६ जीबी. एक ओळ सरासरी २०० बाइटची धरली तर दिवसाला ८० लाख ओळी, म्हणजे चोवीस तास, दर सेकंदाला नव्वदच्या वर. पतसंस्थांची काउंटरं दिवसातले सात-आठ तास उघडी असतात. एवढ्या ओळी खातेदारांच्या व्यवहारांतून येत नाहीत, कुणीतरी डीबग (बारीकसारीक तपशीलही लिहिणारी लॉगची पातळी) चालू ठेवलाय. काढून घेतलेल्या ओळींतला क्लासच्या नावाचा भाग ऑकने वेगळा करा, सॉर्ट, युनिक -सी आणि पुन्हा उलटा सॉर्ट लावा. पहिल्या दहा नावांत बहुतेक सगळा ऐवज सापडतो.

सापडेल काय, हे तुमच्या कोडवर अवलंबून आहे. तरी नेहमीचे संशयित ठरलेले असतात. पहिला, वॉर फाइलीत (ॲप्लिकेशनच्या गठ्ठ्यात) लॉगबॅक ही लॉग लायब्ररी आहे पण लॉगबॅक.एक्सएमएल नाही, किंवा बिल्डमध्ये ती चुकीच्या फोल्डरात गेली. कॉन्फिगरेशन मिळालं नाही तर लॉगबॅक गप्प बसत नाही, सगळं डीबग पातळीवर कन्सोलला छापायला लागतो. दुसरा, डेटाबेसशी बोलणाऱ्या हायबरनेट लायब्ररीचं शो-एसक्यूएल. ते ट्रू असेल तर प्रत्येक क्वेरी थेट सिस्टिम.आउटवर जाते, लॉगरमधून नाही, त्यामुळे लॉग लेव्हल कितीही वर नेली तरी ती थांबत नाही. हे फॉल्स करा. क्वेऱ्या बघायच्याच असतील तर ओआरजी.हायबरनेट.एसक्यूएल या लॉगरची पातळी तेवढ्यापुरती डीबग करा. तिसरा, कॅच ब्लॉकमधले प्रिंट-स्टॅक-ट्रेस, म्हणजे एरर कुठून कुठून आला ती अख्खी साखळी (स्टॅक ट्रेस) छापणारे. चौथा खुद्द टॉमकॅट. सोबत येणाऱ्या मांडणीत त्याची प्रत्येक ओळ दोनदा लिहिली जाते, एकदा तारखेच्या फाइलीत आणि एकदा कन्सोलला.

हा चौथा समजून घेण्यासाठी कॉन्फ फोल्डरातली लॉगिंग.प्रॉपर्टीज उघडा. टॉमकॅट जुली नावाची स्वतःची लॉगिंग यंत्रणा वापरतो. जावाच्या मूळ लॉगिंगला साऱ्या जेव्हीएमसाठी एकच कॉन्फिगरेशन असतं. जुली दर वेब ॲप्लिकेशनला वेगळं ठेवू देते, हाच तिचा मुख्य उपयोग. फाइलीत वर हँडलर्सची (नोंदी फाइलीत किंवा कन्सोलला पोचवणाऱ्यांची) यादी दिसेल: १कॅटालिना, २लोकलहोस्ट, ३मॅनेजर, ४होस्ट-मॅनेजर आणि शेवटी कन्सोलहँडलर. नावापुढचा आकडा शोभेचा नाही. एकाच क्लासचे अनेक हँडलर वेगळे ओळखता यावेत म्हणून उपसर्ग आकड्यानेच सुरू व्हावा आणि टिंबाने संपावा असा नियम आहे. तो मोडला की हँडलर तयार होत नाही. खाली टिंबाने सुरू होणारी हँडलर्सची ओळ आहे ती मूळ लॉगरची. तिच्यात १कॅटालिना आणि कन्सोलहँडलर दोघंही बसलेत, म्हणून दुहेरी लिखाण. टॉमकॅट नेहमीच्या स्टार्ट पद्धतीने चालवत असाल तर दोन्ही ओळींतून कन्सोलहँडलर काढा. तारखेची फाइल पुरते.

त्याच फाइलीत 'लेव्हल फाइन केली तरी काहीच दिसत नाही' हा दुसरा गोंधळ असतो. नोंदीला दोन दारं पार करावी लागतात: एक लॉगरचं, दुसरं हँडलरचं. लॉगर फाइनवर आणि हँडलर इन्फोवर असेल तर नोंद दुसऱ्या दारात अडते. आणि जुलीची एक खोड आहे. एखाद्या लॉगरला स्वतःचे हँडलर जोडले की तो आपल्या नोंदी वरच्या लॉगरकडे पाठवणं बंद करतो. दोन्हीकडे हव्या असतील तर त्या लॉगरपुढे यूज-पेरेंट-हँडलर्स ट्रू असं लिहावं लागतं. मूळ जावामध्ये हे उलट आहे, त्यामुळे जावा येणारेच इथे जास्त फसतात. बदल केल्यावर रीस्टार्ट लागतो.

लोकलहोस्टच्या फाइलीकडे कुणी बघत नाही, आणि नेमकं तिथेच उत्तर असतं. ॲप्लिकेशन सुरू होत नाही तेव्हा कॅटालिनाच्या फाइलीत 'एक किंवा अधिक लिसनर सुरू झाले नाहीत, तपशील संबंधित कंटेनरच्या लॉगमध्ये' अशा अर्थाची ओळ येते. हा कंटेनरचा लॉग म्हणजे लोकलहोस्ट आणि तारीख असं नाव असलेली फाइल. पूर्ण स्टॅक ट्रेस तिच्यात असतो. जागा वाचवायला ३मॅनेजर आणि ४होस्ट-मॅनेजर खुशाल काढा. ती ॲप्लिकेशनं प्रॉडक्शनवर नसतातच, नसावीतच. २लोकलहोस्टला मात्र हात लावू नका.

या हँडलरांचं रोटेशन फक्त दिवसाला होतं, आकाराप्रमाणे नाही. किती दिवस ठेवायचं ते मॅक्सडेज ठरवतो. सोबतच्या फाइलीत तो ९० असतो, पण ओळच काढली तर मूळ किंमत -१ आहे, म्हणजे कधीच पुसायचं नाही. नवा हँडलर स्वतः लिहिताना ही ओळ हमखास राहते. हे हँडलर असिंक्रोनस असतात. नोंदी आधी मेमरीतल्या १०,००० च्या रांगेत जातात आणि रांग भरली तर सर्वात नवी नोंद टाकून दिली जाते. पुण्यातल्या ऑफिसात, विशेषतः गुरुवारी, वीज जाणं कुणाला नवं नाही. यूपीएसने दगा दिला तर रांगेतल्या नोंदी गेल्याच. एरवी फारसं बिघडत नाही, पण नेमका बंद पडण्याआधीचा शेवटचा सेकंद महत्त्वाचा असेल तर असिंकफाइलहँडलरच्या जागी साधा फाइलहँडलर लावा. टॉमकॅटच्या स्वतःच्या नोंदी इतक्या कमी असतात की त्याने वेगावर परिणाम होत नाही.

म्हणजे टॉमकॅटच्या नोंदी तारखेच्या फाइलींत गेल्या, हायबरनेट आणि लॉगबॅक कन्सोलवरून हटले. कॅटालिना.आउटमध्ये आता उरलं ते जेव्हीएमचं बोलणं आणि तुरळक प्रिंट-स्टॅक-ट्रेस. इथे बरेच जण तिला थेट डेव्ह-नलकडे, म्हणजे सगळं गिळून टाकणाऱ्या फाइलीकडे, वळवून मोकळे होतात. तसं करू नका. सर्व्हर अडकल्यावर किल -३ देऊन थ्रेड डंप (कुठला थ्रेड काय करतोय याची यादी) काढला तर तो याच वाटेने बाहेर येतो, आणि जेव्हीएम कोसळतानाचे शेवटचे शब्दही. नको तेव्हा गप्प आणि हवी तेव्हा हजर अशी ती फाइल ठेवायची.

त्यासाठी लॉगरोटेट, लिनक्सची लॉग फाइली बदलणारी आणि जुन्या पुसणारी सोय. कॅटालिना.आउटसाठी वेगळी नोंद करा: डेली, रोटेट १४, मॅक्ससाइझ २००एम, कॉम्प्रेस, डिलेकॉम्प्रेस, मिसिंगओके, नॉटिफएम्प्टी आणि कॉपीट्रंकेट. शेवटचा पर्याय आवश्यक आहे. साध्या पद्धतीत लॉगरोटेट फाइलीचं नाव बदलतो, पण जावाने जुनी फाइल धरलेली असते, त्यामुळे लिखाण नाव बदललेल्या फाइलीतच चालू राहतं. कॉपीट्रंकेट आधी प्रत काढतो आणि मग मूळ फाइल रिकामी करतो. या दोहोंच्या मधल्या क्षणात आलेल्या काही ओळी हरवतात, ते मान्य करावं लागतं. दुसरी गोष्ट अशी की प्रत काढायला फाइलीइतकीच जागा लागते. ३८ जीबीच्या फाइलीवर, डिस्क ९५ टक्के भरलेली असताना पहिल्यांदा लॉगरोटेट चालवलात तर तोच डिस्क भरून टाकेल. आधी रिकामी करा, मग नियम लावा.

मॅक्ससाइझ २००एम लिहिलं म्हणून २०० एमबीला फाइल बदलते असं नाही. लॉगरोटेट जेव्हा चालतो तेव्हाच आकार बघतो, आणि तो सहसा दिवसातून एकदा चालतो. दिवसभरात फाइल २० जीबी झाली तरी त्याला रात्रीच कळणार. ताशी हवं असेल तर त्याचा टायमर किंवा क्रॉन ताशी करा. लॉग फोल्डर ग्रुपला लिहिण्यायोग्य असेल तर 'पेरेंट डिरेक्टरीची परवानगी असुरक्षित' म्हणून तो काम सोडून देतो. नियमात एसयू टॉमकॅट टॉमकॅट ही ओळ टाकली की जमतं. आणि नियमात स्टार.लॉग असं सरसकट लिहू नका. तारखेच्या फाइली टॉमकॅट स्वतः सांभाळतो, त्यांत दुसऱ्याचा हात नको.

तुमचा टॉमकॅट सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारी आणि सांभाळणारी यंत्रणा) सर्व्हिस म्हणून कॅटालिना.एसएच रन पद्धतीने चालत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कन्सोलचं सगळं जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या स्वतःच्या लॉगमध्ये, जातं. जर्नल मूळ सेटिंगने फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबी घेतो, म्हणजे डिस्क भरत नाही. पण ३० सेकंदांत १०,००० ओळींपुढे तो नोंदी टाकून द्यायला लागतो. तुम्ही ३८ जीबीची कॅटालिना.आउट सांगताय, तेव्हा स्क्रिप्टवाली मांडणी धरून चाललो आहे.

कोडमधले प्रिंट लगेच काढता येत नसतील तर कॉन्टेक्स्टवर (टॉमकॅटमधल्या तुमच्या ॲप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये) स्वॉलो-आउटपुट ट्रू करा. ॲप्लिकेशनचं सिस्टिम.आउट त्याच्या टॉमकॅट लॉगरकडे वळतं, म्हणजे लोकलहोस्टच्या रोज बदलणाऱ्या फाइलीत. ॲप्लिकेशनने स्वतः सुरू केलेल्या बॅकग्राउंड थ्रेडचं छापणं यात धरलं जात नाही. रात्रीच्या व्याज आकारणीच्या जॉबमधले प्रिंट कॅटालिना.आउटमध्येच दिसत राहतील, घाबरू नका.

आता तुमच्या ॲप्लिकेशनचा लॉग, म्हणजे खरं तर तुम्हाला हवा असलेला लॉग. लॉगफोरजेचा मुद्दा असला तर इथे आहे, टॉमकॅटमध्ये नाही. लायब्ररी वॉरमधल्या वेब-इन्फ-लिबमध्ये राहू द्या. टॉमकॅटच्या सामायिक लिबमध्ये टाकली तर सगळ्या ॲप्लिकेशन्सचं कॉन्फिगरेशन एकमेकांत अडकतं आणि पुन्हा डिप्लॉय करताना जुने क्लास मेमरीत लटकून राहतात. लॉगबॅक असेल तर तोच ठेवा. लॉगफोरजेच घ्यायचं तर दुसरी पिढी, २.१७.१ किंवा त्यापुढची. पहिल्या पिढीची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्येच थांबली आणि दुसऱ्या पिढीच्या २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्यांतलं लॉगफोरशेलचं भगदाड डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालं. लॉगबॅक आणि लॉगफोरजे दोन्ही एकदम ठेवू नका. एसएलएफफोरजे (लॉग लायब्ररींच्या पुढचा सामायिक थर) 'अनेक बाइंडिंग सापडली' अशी कुरकुर करतो आणि त्यांतलं कुठलं घेईल याचा भरवसा नाही. तसंच एसएलएफफोरजे १.७ सोबत एसएलएफफोरजे २ साठीचा लॉगबॅक टाकला, किंवा उलट केलं, तर नोंदी एकदम बंद होतात. लॉगबॅक शोधण्याची पद्धतच एसएलएफफोरजेच्या या दोन आवृत्त्यांत वेगळी आहे.

लॉगबॅकमध्ये रोलिंगफाइलअपेंडर घ्या, त्यावर आकार आणि वेळ दोन्ही बघणारी पॉलिसी लावा: मॅक्सफाइलसाइझ १०० एमबी, मॅक्सहिस्ट्री ३०, टोटलसाइझकॅप ५ जीबी. फाइलीच्या नावाच्या साच्यात तारखेचा %डी आणि क्रमांकाचा %आय दोन्ही लागतात. %आय विसरलात तर पॉलिसी चालत नाही. साच्याच्या शेवटी जीझेड लिहिलं की जुनी फाइल आपोआप दाबली जाते. टोटलसाइझकॅप एकटा काम करत नाही, सोबत मॅक्सहिस्ट्री असावीच लागते. मूळ पातळी इन्फो, तुमच्या स्वतःच्या पॅकेजला हवं तर डीबग. स्कॅन ट्रू आणि अवधी ३० सेकंद ठेवला की रीस्टार्टशिवाय पातळी बदलता येते. शाखा सुरू असताना हे फार उपयोगी पडतं. असिंकअपेंडर मुद्दाम लावण्याची गरज तुमच्या गर्दीत नाही. त्याची रांग मुळात २५६ ची, आणि ती ८० टक्के भरली की तो इन्फो आणि त्याखालच्या नोंदी निमूटपणे फेकतो. व्यवहारांचा माग काढायचाय अशा ठिकाणी हे चालणार नाही.

मराठी नावांच्या प्रश्नचिन्हांकडे येऊ. लॉगमध्ये दिसतंय काय, त्यावर निदान ठरतं. प्रश्नचिन्हंच असतील तर लिहितानाच अक्षरं गेली. ती परत मिळणार नाहीत. डोक्यावर तिरप्या रेघा असलेल्या रोमन अक्षरांची मालगाडी दिसत असेल तर फाइल ठीक आहे, तुमचा टर्मिनल किंवा एडिटर चुकीच्या एन्कोडिंगने वाचतोय. तुमची गत पहिली आहे. बूट होताना सुरू झालेल्या सर्व्हिसला तुमच्या लॉगिनचं लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) मिळत नाही, ती नुसत्या सी लोकेलवर चालते. जावा ११ मग देवनागरी लिहूच शकत नाही, प्रत्येक अक्षरागणिक प्रश्नचिन्ह टाकते. म्हणूनच हाताने सुरू केलं की नीट चालतं आणि मशीन रीबूट झालं की बिघडतं, आणि 'माझ्याकडे तर बरोबर दिसतंय' हा वाद रंगतो. बिन फोल्डरातल्या सेटएन्व्ह.एसएचमध्ये कॅटालिना-ऑप्ट्सला फाइल.एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या, आणि लॉगबॅकच्या एन्कोडरमध्ये कॅरसेटही उघड लिहा. जावा १८ पासून मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ झालं, पण स्टँडर्ड आउटपुट त्यातून वगळलं आहे. पुढे जावा २१ वर गेलात तर कन्सोलसाठी एसटीडीआउट.एन्कोडिंग वेगळं द्यावं लागेल, नाहीतर हेच पुन्हा. जाता जाता: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, आणि काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. 'पुणे' म्हणजे १२ बाइट. संदेश मराठीत लिहिण्याची हौस असेल तर आकाराच्या हिशोबात हे धरा.

'त्या वेळची ओळ सापडत नाही' याचं अर्धं कारण घड्याळ असतं. सर्व्हर यूटीसीवर असेल तर सकाळी १०:१५ ची तक्रार लॉगमध्ये ०४:४५ ला सापडते, आणि रोजची फाइल आपल्या पहाटे साडेपाचला बदलते, म्हणजे पहाटेची नोंद आदल्या दिवसाच्या फाइलीत. टॉमकॅटच्या ओळीत टाइमझोन लिहिलेला नसतो, त्यामुळे संशयही येत नाही. वनलाइनफॉर्मॅटरचा टाइमफॉर्मॅट बदलून त्यात झोन घाला, लॉगबॅकच्या साच्यात तारखेला एशिया/कोलकाता द्या. सगळ्या जेव्हीएमचा यूझर.टाइमझोन बदलणं सोपं दिसतं, पण त्याने ॲप्लिकेशनमधले तारखेचे हिशोबही हलतात. व्याज दिवसांवर मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगसाठी असला खेळ करू नये.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे एका विनंतीच्या ओळींना जोडणारी खूण नसणं. टॉमकॅटचे थ्रेड पूलमधले असतात, मूळ मर्यादा २००. थ्रेडच्या नावावरून एका विनंतीच्या ओळी वेगळ्या काढता येत नाहीत, कारण तोच थ्रेड क्षणात दुसऱ्या शाखेचं काम करतो. एक सर्व्हलेट फिल्टर लिहा: विनंती आली की एक क्रमांक तयार करून एमडीसीमध्ये (थ्रेडसोबत राहणाऱ्या, लॉगच्या ओळीत छापता येणाऱ्या माहितीच्या कप्प्यात) ठेवायचा, सोबत संस्थेचा आणि शाखेचा कोड, आणि शेवटी फायनलीमध्ये एमडीसी रिकामा करायचा. ही शेवटची पायरी राहिली तर आधीच्या शाखेचा कोड पुढच्या विनंतीला चिकटतो आणि लॉग चक्क खोटं बोलतो. असा लॉग असण्यापेक्षा नसलेला बरा. हाच क्रमांक एररच्या पानावर वापरकर्त्याला दाखवा. शाखेतून 'एरर येतोय हो' असा फोन येण्याऐवजी क्रमांक सांगितला जाईल, आणि ग्रेपला एक शब्द पुरेल.

स्टॅक ट्रेस नसलेला नुसता 'नलपॉइंटरएक्सेप्शन' दिसला तर लायब्ररीला दोष देऊ नका. तोच अपवाद एका जागी फार वेळा आला की जेव्हीएम वेगासाठी ट्रेस बनवणं सोडून देते. फाइलीत मागे, रीस्टार्टनंतरच्या पहिल्या काही वेळांत तो पूर्ण सापडतो. ओमिट-स्टॅक-ट्रेस-इन-फास्ट-थ्रो हा पर्याय उणे चिन्हाने बंद करता येतो, आणि तुमच्या भाराला तो बंद ठेवणंच बरं.

ॲक्सेस लॉग (आलेल्या प्रत्येक विनंतीची एक ओळ) सर्व्हर.एक्सएमएलमधल्या होस्टच्या आत ॲक्सेसलॉगव्हॉल्व्हने लिहिला जातो. पुढे एनजिनएक्स असल्याने पत्त्याच्या जागी सगळीकडे १२७.०.०.१ दिसत असेल. रिमोटआयपीव्हॉल्व्ह लावा आणि लॉगच्या व्हॉल्व्हवर रिक्वेस्ट-ॲट्रिब्यूट्स-एनेबल्ड ट्रू करा. दुसरं केल्याशिवाय पहिल्याचा परिणाम लॉगमध्ये दिसत नाही. साच्यात वेळ लागला किती हे दाखवणारा %डी, मोठ्या अक्षरातला, जरूर घाला. टॉमकॅट ९ मध्ये तो मिलिसेकंद दाखवतो, १० पासून मायक्रोसेकंद. आवृत्ती बदलल्यावर सगळं हजारपट हळू झालंय असं वाटलं तर आधी हे आठवा. या व्हॉल्व्हचाही मॅक्सडेज मुळात -१ आहे. तो लिहितानाही साठवून लिहितो, म्हणून टेल -एफला विनंती लगेच दिसली नाही तर ती पोचलीच नाही असं समजू नका.

किती दिवस ठेवायचं? सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सेवा पुरवणाऱ्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांचे, भारतीय अधिकारक्षेत्रात ठेवायचे आहेत. टॉमकॅटचे ९० दिवस त्यात बसत नाहीत. पण सगळं त्याच डिस्कवर ठेवण्याचं कारण नाही. दिवसाला पाच लाख विनंत्या आणि २०० बाइटची ओळ धरली तरी ॲक्सेस लॉग रोज १०० एमबी, १८० दिवसांचा १८ जीबी, आणि जीझिपने दाबल्यावर बहुधा त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. रोज रात्री कालच्या फाइली दाबून दुसऱ्या मशीनवर पाठवा, सर्व्हरवर ३० दिवस राहू द्या. पाठवणारी प्रोसेस वेगळ्या युजरची असेल तर ती अडेल, कारण टॉमकॅटची स्क्रिप्ट मुळात यूमास्क ००२७ लावते आणि फाइली बाहेरच्यांना वाचता येत नाहीत. त्या युजरला टॉमकॅटच्या ग्रुपमध्ये घाला, परवानग्या सगळ्यांना खुल्या करू नका. कुणी एकदा घाईत रूटने टॉमकॅट सुरू केला असेल तर काही फाइली रूटच्या मालकीच्या झालेल्या असतात आणि मग टॉमकॅट युजरला त्यांत लिहिता येत नाही. तेही एलएसने बघून घ्या.

१८० दिवस जपायचं तर त्यात काय आहे तेही बघायला हवं. ॲक्सेस लॉगमध्ये यूआरएल क्वेरीसकट उतरतो. जीईटीने पाठवलेला ओटीपी, मोबाइल किंवा खाते क्रमांक सहा महिने साध्या मजकुरात पडून राहील. असं काही असेल तर आधी ते पोस्टमध्ये न्या, तोवर साच्यातला %आर काढून क्वेरी वगळणारा %यू, मोठ्या अक्षरातला, वापरा. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये आधार क्रमांक अजिबात नको, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पुरतात. वापरकर्त्याने भरलेला मजकूर लॉग करताना त्यातली नवी ओळ सुरू करणारी चिन्हं काढून टाका, नाहीतर कुणीही रकान्यात मजकूर भरून तुमच्या लॉगमध्ये खोटी ओळ घुसवू शकतो.

बदल शनिवारी शाखा बंद झाल्यावर करा आणि लगेच तपासा. मशीन खरंच रीबूट करा, नुसता टॉमकॅट नको, नाहीतर लोकेलची चूक पुन्हा लपेल. मग मराठी नावाच्या खात्यावर एक चाचणी व्यवहार करून ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये नाव, शाखा कोड आणि वेळ बघा. किल -३ देऊन थ्रेड डंप कॅटालिना.आउटमध्ये पडतो का ते बघा. लॉगरोटेट आधी -डीने कोरडा चालवा, मग -एफने खरा, आणि त्यानंतर रिकाम्या झालेल्या फाइलीत नवी ओळ येतेय याची खात्री करा. सोमवारी संध्याकाळी लॉग फोल्डरचा आकार मोजा. दिवसाला शंभर-दीडशे एमबीच्या फार पुढे गेला असेल तर कुठलातरी डीबग अजून राहिलाय. मग पहिल्या दहा क्लासच्या नावांची ती यादी पुन्हा काढा आणि इथे टाका.